ई जीवनसत्त्व आणि गुरांची वाढ

गेल्या उन्हाळ्यात आमच्या संघाच्या एका सभासदाने आठवड्याच्या बाजारातून आणलेली औषधाची एक बाटली आमच्यापुढे ठेविली. तीत ई जीवनसत्त्व व सेलेनियम ह्यांचे द्रावण होते. विकणाऱ्याने त्यास असे सांगितले होते की, अमेरिकेत ह्याच औषधाच्या जोरावर गुरे रोज दीड-पावणेदोन किलो वजन धरितात. सभासदाचा प्रश्न सरळ होता : हे खरे आहे काय, आणि खरे असल्यास आपल्या वासरांस ते का देऊ नये? त्या वेळी आम्ही त्यास तोंडी उत्तर दिले. पण तोच प्रश्न पुढे आणखी काही सभासदांकडूनही आला, सबब ह्या विषयाचा थोडा विस्ताराने विचार करण्याचे योजिले आहे.

विकणाऱ्याच्या म्हणण्यातील दोन्ही गोष्टी सुट्यासुट्या घेतल्या तर खऱ्या आहेत. अमेरिकेतील गुरे तेवढी वाढतात हे खरे, आणि त्यांच्या खाण्यात ई जीवनसत्त्व मिसळतात हेही खरे. परंतु पहिली गोष्ट दुसरीचे फळ आहे, असे मात्र नाही. खरेदी करणाऱ्याची फसगत होते ती नेमकी ह्या जोडणीत.

ह्या जीवनसत्त्वाचा शोध १९२२ साली कॅलिफोर्नियातील बर्कले येथे हर्बर्ट इव्हान्स व कॅथरीन स्कॉट बिशप ह्या दोघांनी लाविला. त्यांनी विशिष्ट खाण्यावर ठेविलेल्या उंदरांच्या माद्या गाभण राहत, परंतु गर्भ पोटातच जिरून जात. हिरवी सॅलडची पाने किंवा गव्हाचा अंकुर खाण्यात घातला म्हणजे पिले सुखरूप होत. पुढे १९३६ साली गव्हाच्या अंकुराच्या तेलातून तो पदार्थ शुद्ध स्वरूपात वेगळा करण्यात आला आणि त्यास टोकोफेरॉल असे नाव मिळाले. ग्रीक भाषेत ह्या नावाचा अर्थ ‘अपत्य धारण करणारे’ असा आहे. १९३८ साली पॉल कारर ह्या स्विस रसायनशास्त्रज्ञाने ते प्रयोगशाळेत तयार केले. नावातच अपत्यप्राप्ती असल्यामुळे पुष्कळ दिवस ते वांझपणावरील औषध म्हणून खपले. आता त्याचे खरे काम निराळे व अधिक व्यापक असल्याचे कळले आहे.

ते काम समजण्यास घरातील तेलाच्या बरणीचा दाखला पुरेसा आहे. शेंगदाण्याचे अथवा करडईचे तेल उघडे राहिले म्हणजे हवेतील प्राणवायू त्यास लागून ते खवट होते. जनावराच्या शरीरातील प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचे एक पातळ आवरण असते, आणि त्यासही असाच खवटपणा येऊ शकतो. ई जीवनसत्त्व ह्या आवरणात राहून प्राणवायूचा मारा स्वतःवर घेते व आवरण वाचविते. म्हणजे ते अंगी बळ आणणारे अन्न नव्हे, तर असलेले अंग राखणारा पहारेकरी आहे. सेलेनियम हे मूलद्रव्य ह्या पहारेकऱ्याचे जोडीदार होय. १९५७ साली क्लाउस श्वार्त्स ह्यांनी उंदरांवरील प्रयोगांत त्याचे महत्त्व दाखविले; पुढील वर्षी ऑरेगन संस्थानातील संशोधकांनी कोकरांचा व वासरांचा स्नायूरोग त्याने टळतो असे सिद्ध केले; आणि १९७३ साली विस्कॉन्सिन येथे त्याचे कारण उमगले. शरीरातील घातक पेरॉक्साइडे नष्ट करणाऱ्या एका विकराचा सेलेनियम हा घटक आहे. एक पदार्थ नासाडी होऊ देत नाही, दुसरा होऊ घातलेल्या नासाडीचे कारण नाहीसे करितो. म्हणूनच एकाची उणीव दुसरा काही अंशी भरून काढतो, सर्वांशी नाही.

आता अमेरिकेकडे वळू. टेक्सासच्या उत्तर टोकापासून कॅन्सस, नेब्रास्का व कोलोरॅडोपर्यंतच्या सपाट प्रदेशात मांसासाठी गुरे पोसण्याचे मोठमोठे वाडे आहेत. त्यांस तेथे ‘फीडलॉट’ म्हणतात. कुंपणाने आखलेल्या उघड्या अंगणात गुरांचे गट ठेवितात, अंगणाच्या एका बाजूस लांबच लांब सिमेंटची गव्हाण असते, आणि दिवसातून दोन-तीन वेळा यंत्रगाडी तीत मिश्रखाद्य ओतीत जाते. कित्येक वाड्यांत एका वेळी पन्नास हजारांहून अधिक गुरे असतात. त्यांत खच्ची केलेली गोऱ्ही व कालवडी असून, ती चार ते सहा महिन्यांत सुमारे सहाशे किलो वजनाची होऊन बाहेर पडतात. त्यांच्या खाण्याचा शेकडा ऐंशी-नव्वद भाग धान्य व तत्सम पदार्थांचा असतो, मुख्यतः वाफवून चपटा केलेला मका. चारा केवळ रवंथ चालू राहण्यापुरता. रोज दीड-पावणेदोन किलो वाढ होते ती ह्या मक्यामुळे, मांसासाठीच पिढ्यान्‌पिढ्या निवडलेल्या जातींमुळे, आणि वाढीस चालना देणारी संप्रेरके तेथे कायद्याने वापरता येतात म्हणून. ह्या हिशेबात ई जीवनसत्त्वाचा वाटा फार लहान आहे.

मग ते देतात कशासाठी? ह्याचे उत्तर वासराच्या प्रवासात आहे. ही वासरे कुरणात जन्मतात व सहा-आठ महिने आईच्या दुधावर व हिरव्या गवतावर वाढतात. नंतर एके दिवशी त्यांस आईपासून तोडून बाजारात नेतात. तेथे दहा ठिकाणची वासरे एकत्र होतात आणि ती मोटारलॉरीत भरून पुष्कळदा हजार किलोमीटरहून दूर पाठविली जातात. उपाशी, तहानलेले, भेदरलेले आणि अनोळखी कळपातील रोगजंतूंना पहिल्यांदाच सामोरे जाणारे असे हे वासरू वाड्यात उतरते. पहिल्या तीन-चार आठवड्यांत ह्या वासरांत श्वसनाचा जो रोग उद्भवतो, त्यास तिकडे प्रवासज्वर म्हणतात. आधी विषाणू वाट करून देतात व मागून जिवाणू फुप्फुसे गाठतात. फीडलॉटच्या धंद्याचे सर्वांत मोठे नुकसान होते ते ह्याच रोगाने.

रोगजंतूंशी झुंजणाऱ्या रक्तातील पांढऱ्या पेशी जंतू मारण्यासाठी स्वतःच प्राणवायूची तीव्र द्रव्ये निर्माण करितात. त्या आगीत पेशीचे स्वतःचे आवरण भाजू नये म्हणून ई जीवनसत्त्वाची गरज ह्याच वेळी सर्वांत अधिक असते, आणि नेमके ह्याच वेळी हिरवा चारा सुटलेला असतो. भरीस भर म्हणजे नवे आलेले वासरू पहिल्या आठवड्यात आपल्या वजनाच्या शेकडा अर्धा ते दीड इतकेच कोरडे खाद्य खाते. एरवी ते ह्याच्या दुपटीने खाईल. म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने अशा वासरास दररोज सुमारे ४०० ते ५०० एकके द्यावीत अशी शिफारस केली आहे. साधारण स्थितीतील वासरास खाद्याच्या दर किलो शुष्क भागामागे १५ ते ६० एकके पुरतात असा तिचाच अंदाज आहे. (शुष्क भाग म्हणजे पाणी वजा जाता उरणारा चारा. एकक म्हणजे डब्यावर ‘आय.यू.’ असे छापलेले आंतरराष्ट्रीय माप. कृत्रिम जीवनसत्त्वाच्या नेहमीच्या प्रकारात एक मिलिग्रॅम म्हणजे एक एकक.)

ह्याचा परिणाम काय होतो, ह्याविषयी अनेक प्रयोग झाले आहेत व ते सगळे एकाच बाजूने बोलत नाहीत. काहींत आजारी पडणारी वासरे कमी झाली व वजनही थोडे अधिक भरले; काहींत काहीच फरक दिसला नाही. ह्याचे एक कारण उघड आहे. हिरव्यागार कुरणावरून आलेल्या वासराच्या अंगात ह्या जीवनसत्त्वाचा साठा असतो, वाळल्या गवतावर हिवाळा काढलेल्याच्या अंगात तो नसतो. भरलेल्या रांजणात आणखी घागर ओतून पाणी वाढत नाही. जेथे वजन वाढले तेथेही त्याचे मुख्य कारण असे की वासरू आजारी पडले नाही म्हणून खात राहिले, आणि खात राहिले म्हणून वाढले. आमच्या मते ह्या सबंध विषयाचे मर्म एवढेच आहे. ई जीवनसत्त्व नवी वाढ निर्माण करीत नाही. होणारी वाढ उणिवेमुळे किंवा रोगामुळे बुडत असेल तर ती वाचविते.

पोसणीच्या शेवटच्या महिन्यांत मात्र ते देण्याचा हेतू अगदीच वेगळा आहे आणि तो जनावरासाठी नाहीच. कापलेले मांस दुकानात मांडले म्हणजे त्याचा लाल रंग काही दिवसांत तपकिरी होतो. मांस खाण्याजोगे असले तरी गिऱ्हाईक ते नाकारिते. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी असे दाखविले की, जनावरास अखेरचे काही महिने रोज काही शेकडे एकके दिली तर ते जीवनसत्त्व मांसात साठते व रंग अधिक दिवस टिकतो. पुढे रोज ५०० एकके, सुमारे चार महिने, असे प्रमाण सुचविण्यात आले. ह्या मात्रेने वजनात सांगण्यासारखी भर पडत नाही. येथे एक मौजेची गोष्ट अशी की, खर्च गुरे पोसणाऱ्याने करावयाचा व लाभ दुकानदाराने घ्यावयाचा. त्यामुळे हा उपाय शास्त्रदृष्ट्या पक्का असूनही पोसणाऱ्यांनी तो उत्साहाने उचलला नाही. शेतकरी येथून तेथून सारखाच.

आपल्याकडे गाईबैल मांसासाठी कोंडून पोसण्याचा धंदा नाही, आणि महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल व वळू ह्यांच्या कत्तलीसही कायद्याने बंदी आहे. तेव्हा फीडलॉटची मात्रा उचलून आपल्या गोठ्यात आणणे मुळातच अप्रस्तुत होय. परंतु त्या वाड्यातील वासराची जी अडचण, तीच आपल्या गोठ्यातील गाईची उन्हाळ्यात असते. ती म्हणजे हिरव्या चाऱ्याचा अभाव. हे कसे ते नीट पाहिले पाहिजे.

गाईच्या पोटातील जंतू ब वर्गातील जीवनसत्त्वे व रक्त गोठविणारे के जीवनसत्त्व तयार करितात. क तिचे यकृत करिते. ड तिला उन्हातून मिळते. ई मात्र तिचे शरीर करू शकत नाही, पोटातले जंतूही करू शकत नाहीत. ते चाऱ्यातूनच आले पाहिजे. ताज्या हिरव्या चाऱ्याच्या दर किलो शुष्क भागात ते ८० ते २०० एकके असते. चारा कापून उन्हात पडला की ते झपाट्याने नाश पावते. वाळलेल्या गवतात व मुरघासात ते ताज्या चाऱ्यापेक्षा शेकडा २० ते ८० इतके कमी भरते. महिनोन्‌महिने गंजीत राहिलेल्या कडब्यात व गव्हाच्या भुश्श्यात ते नाममात्र उरते. मक्याच्या दाण्यात जे असते ते बहुतेक ‘गॅमा’ प्रकारचे, म्हणजे शरीरास कमी उपयोगी असते. पेंडीचेही तसेच. हे जीवनसत्त्व तेलात विरघळणारे असल्यामुळे तेल जितके पुरते काढावे तितके ते तेलाबरोबर निघून जाते. आणि उरलेले तेल खवट झाले तर तो खवटपणा जनावराच्या अंगचेही जीवनसत्त्व खर्ची घालितो. पावसाळ्यात ओल लागून वास धरलेली पेंड ‘गुरांस चालते’ म्हणून घालणारांनी हे ध्यानात ठेवावे.

२०१२-१३ व २०१८-१९ च्या दुष्काळांत मराठवाड्यात व पश्चिम महाराष्ट्राच्या पूर्वभागात चारा छावण्या उघडाव्या लागल्या. गावोगावची गुरे एका ठिकाणी, दाटीने, ऊस, उसाचे वाढे व कडबा ह्यांवर, महिनोन्‌महिने. फीडलॉटमधील धान्य वगळले तर तेथील वासराचे बाकीचे सारे क्लेश ह्या वर्णनात आहेत. अशा गुरांस हे जीवनसत्त्व वरून देणे सयुक्तिक होय. तसेच बोकड कोंडून भुसा व मका ह्यांवर पोसणारे आता बरेच आहेत. त्यांच्या बोकडांची गोष्टही ह्याच जातीची आहे.

नेहमीच्या गोठ्यात सर्वांत अधिक जपावयाचे ते गाभण व आटलेल्या गाईस. दूध देत नाही म्हणून तिच्यापुढे कडब्याखेरीज काही टाकावयाचे नाही, आणि हिरवी पेंढी दुभतीकडे वळवावयाची, ही चाल आपल्यात घरोघर आहे. पण ई जीवनसत्त्व गर्भात असताना वासरास फारच थोडे पोहोचते; त्याची पहिली मोठी शिदोरी म्हणजे चीक. गाय उन्हाळाभर कोरड्यावर राहिली की चिकातच ते कमी उतरते आणि वासरू उणीव घेऊनच उभे राहते. अशा वासरास ‘पांढऱ्या स्नायूंचा’ रोग होण्याचे भय असते. वासरू ताठरल्यासारखे पाऊल टाकते, उठताना थरथरते, भूक असूनही नीट चोखू शकत नाही. हृदयाचा स्नायू सापडला तर धडधाकट दिसणारे वासरू एकाएकी मरते. चिरून पाहिले तर मांसात शिजविल्यासारखे फिकट पट्टे आढळतात. अशक्त वासराची कारणे दुसरीही पुष्कळ आहेत : बेंबी पिकणे, गोचीडताप, चीक उशिरा पाजणे. म्हणून प्रत्येक लुळ्या वासरावर हेच निदान करू नये, पशुवैद्यास दाखवावे.

गाईच्या कासेशीही ह्या जीवनसत्त्वाचा संबंध आहे. अमेरिकेतील ओहायो येथे १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, साठवलेल्या चाऱ्यावरील आटलेल्या गाईंस रोज सुमारे हजार एकके दिल्याने पुढे विल्यावर कासदाह शेकडा ३७ ने कमी झाला. ह्याच्या उलट हॉलंडमधील गाईंवरील २०१० सालचा एक प्रयोग आहे. ज्या गाईंच्या अंगी ई जीवनसत्त्व आधीच पुरेसे होते, त्यांस आटल्या काळात रोज ३००० एकके दिली, तेव्हा त्यांच्यात कासदाह उलट वाढला. पहिला प्रयोग औषध विकणारे सांगतात. दुसरा सांगताना आम्ही कोणास ऐकिले नाही.

आता हिशेब करू. अमेरिकेतील प्रमाण असे : दुभत्या गाईस वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८ एकक, आटलेलीस १.६, व विण्यापूर्वीच्या तीन आठवड्यांत सुमारे ३ एकके वरून द्यावीत. हे साठवणीच्या चाऱ्यावरील गाईंसाठी आहे; ताजा चारा खाणारीस ह्याहून बरेच कमी लागते. चारशे किलो वजनाच्या गाईस अनुक्रमे ३२०, ६४० व १२०० एकके झाली. ओल्या लसूणघासात पाचवा हिस्सा शुष्क भाग धरिला तर पाच किलो घासात एक किलो शुष्क भाग, म्हणजे ८० ते २०० एकके. त्याच दिवशी कापलेला वीस किलो हिरवा चारा जिच्यापुढे पडतो तिला ३२० ते ८०० एकके गव्हाणीतच मिळाली. तिच्यासाठी बाटली विकत घेणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे होय. जिच्यापुढे केवळ कडबा आहे व जी दोन महिन्यांत विणार आहे, तिला मात्र निदान पाच-सात किलो हिरवा चारा रोज मिळावा. आणि तो शक्यच नसेल तर पशुवैद्याच्या सल्ल्याने जीवनसत्त्वयुक्त खनिज मिश्रण चालू करावे. हिरवा चारा कापून दुपारपर्यंत उन्हात ठेवून संध्याकाळी घालणे हे अर्धा चारा फुकट घालविण्यासारखे आहे. वाळवावयाचाच असेल तर सावलीत, वारा लागेल असा वाळवावा. पानगळही त्याने कमी होते.

डबा घेताना त्यावर एकके किती आहेत ते वाचावे; ‘ई जीवनसत्त्वयुक्त’ एवढ्या अक्षरांस काही अर्थ नाही. ॲसिटेट ह्या रूपातील जीवनसत्त्व हवेत लवकर नासत नाही, म्हणून खाद्यात मिसळावयाचे ते त्या रूपाचे घ्यावे.

सेलेनियमविषयी एक इशारा देणे अवश्य आहे. ह्याची गरज व ह्याचे विष ह्यांतील अंतर थोडे आहे. खाद्याच्या दर किलो शुष्क भागात ०.१ ते ०.३ मिलिग्रॅम पुरते. तेच काही मिलिग्रॅम झाले आणि दीर्घकाळ पोटात जात राहिले की केस झडतात, खूर तडकतात व गळतात. पंजाबात नवांशहर व होशियारपूर ह्यांच्या परिसरातील काही भागांत जमिनीतच हे मूलद्रव्य फार असल्यामुळे तेथील चाऱ्यानेच गुरांस अशी बाधा होते. तेव्हा खनिज मिश्रणात सेलेनियम असताना वरून त्याचेच द्रावण, आणि त्यावर टोचणी, असा तिहेरी मारा कोणीही करू नये. टोचणी तर पशुवैद्याच्याच हातची असावी.

आमच्या सभासदाच्या बाटलीवरील मजकूर आम्ही त्याच्यासमक्ष वाचिला. वासरासाठी छापलेल्या रोजच्या मात्रेत जितकी एकके भरत होती, तितकी सुमारे पाच किलो ओल्या घासात असतात. त्याच्या विहिरीशेजारी घासाचे दोन वाफे उभे होतेच; तो घास दुभत्या म्हशीपुढे जात होता आणि गाभण गाय कडब्यावर होती. त्यातली एक पेंढी गाईकडे वळवावी, असे आम्ही त्यास सुचविले. बाटली अशक्त वासरासाठी म्हणून अंधाऱ्या थंड जागी ठेवावी, असेही सांगणार होतो. पण झाकणाजवळची तारीख पाहिली तेव्हा तिची मुदत दोन महिन्यांपूर्वीच संपलेली आढळली.